पुलापलीकडच्या गाद्या

पिंजारी सगळं सावकाश करायचा. जेवायचा सावकाश, बोलायचा त्याहून सावकाश. त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे तो जन्माला आला तोही वाट पाहून पाहून लोकांच्या माना मोडल्यावर. अशा माणसानं आयुष्यात एकदाच घाई केली, आणि ती नेमकी पुलापलीकडच्या घरात केली.

त्या वर्षी हवा काही केल्या कोरडी होईना. पाऊस असा नव्हता, पण मळभ हटत नव्हतं. सर्द हवेत कापूस फुलत नाही आणि पिंजायच्या कमानीची दोरी, तात, ढिली पडते, त्यामुळे पिंजाऱ्याचं घर कोरड्या दिवसांवर जगतं. त्यात पिंजाऱ्याचा उजवा खांदा धरलेला. हात कानाच्या वर जाईना. कमान आता त्याची बायको ओढायची आणि तो खाली बसून गाठी सोडवायचा. नवरा गाठी सोडवतोय आणि बायको कमान ओढतेय, हे बघून लोक हसत. तो काही बोलत नसे, पण तेव्हापासून तो घरातसुद्धा बायकोकडे पाठ करून झोपायला लागला होता.

सगळी आशा होती गावातल्या पिठाच्या गिरणीवालीवर. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. "चांगलं ऊन पडलं की या," तिनं सांगून ठेवलं होतं. "घरातल्या सगळ्या गाद्या उसवायच्या आणि लेकीला नव्या करायच्या. पण सर्द हवेत माझ्या कापसाला हात लावायचा नाही." ते काम मिळालं की घर पुढच्या मोसमापर्यंत निभावून जाणार होतं. ते हातचं गेलं तर काय, हे कुणी बोलत नव्हतं.

ऊन पडायच्या आधी पुलापलीकडची बाई आली.

पुलापलीकडे, ट्रक थांबायचे तिथे एक बैठं घर होतं. त्यात दोघी राहायच्या. थोरली पन्नाशीकडे झुकलेली, धाकटी तिशीची. त्यांच्याकडे पुरुष पैसे देऊन जात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्यांना नाव घेऊन कुणी हाक मारत नसे. गाव नुसतं 'त्या' म्हणायचं, आणि म्हणताना आवाज खाली आणायचं.

थोरली सरळ अंगणात येऊन उभी राहिली. "गाद्या पार दगड झाल्यात हो. आमचा धंदाच गादीवर आणि गादीच अशी. पाठ मोडून गेली."

पिंजाऱ्याच्या आईनं, घरातल्या सासूनं, हातातल्या घमेल्यातलं पाणी तिच्या पायांजवळ ओतलं. पिंजाऱ्यानं मान खाली घातली. त्याच्या बायकोनं, सुनेनं, विचारलं, "किती गाद्या आहेत?"

ती गेल्यावर सासूच्या तोंडाचा पट्टा सुटला. "त्या घरी? शरम काय वेशीला टांगलीय? उद्या गिरणीवालीला कळलं तर?"

"कळलं तर कळलं. चूल काय हवेवर पेटते?" सून म्हणाली.

"आई," पिंजारी बऱ्याच वेळानं म्हणाला, "पहाटे जाऊ. एका दिवसात उरकू. कुणी बघायच्या आत परत."

"मग मीही येते," सासू म्हणाली. "उंबरा ओलांडणार नाही. बाहेर बसेन. तुम्हा दोघांवर डोळा ठेवायला कुणीतरी हवं."

इथे पिंजाऱ्यांच्या रीती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. कापूस पिंजायचा तो गिऱ्हाइकाच्या अंगणात, त्याच्या डोळ्यांसमोर. घरी नेला की बदलल्याचा संशय आलाच. उसवलेली गादी तशीच टाकून उठायचं नाही. गादीत काय सापडलं, कसले डाग दिसले, ते बाहेर बोलायचं नाही. आणि गादी शिवून झाली की गिऱ्हाइकानं आधी तिच्यावर आडवं व्हायचं, मगच काम पुरं. या रीती पिंजाऱ्याच्या अंगात मुरलेल्या होत्या. शहाणा पिंजारी म्हणूनच एका वेळी एकच गादी उसवतो. ती भरायची, शिवायची, मग दुसरी.

त्या पहाटे मात्र त्याला पळून जायची घाई. त्यानं कात्री घेतली आणि एकापाठोपाठ एक सगळ्या गाद्या उसवून टाकल्या. अंगणात कापसाचे ढीगच ढीग. सुनेनं कमान उचलली, लाकडी मूठ तातेवर मारली, तात खणखणीत वाजली. ढीग हलका व्हायला लागला. तासाभरानं आभाळ भरून आलं. तातेचा आवाज बसला, घसा बसावा तसा. सुनेनं कमान खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"सगळ्या कशाला उसवल्या हो?"

आता कापूस वाळेपर्यंत इथून उठता येत नव्हतं, हे तिघांनाही कळून चुकलं होतं.

मग थेंब पडायला लागले. थोरली आणि धाकटी पदर खोचून धावत आल्या. जो तो कवेत मावेल तेवढा कापूस घेऊन आत पळायला लागला. सासू अंगणाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं एकदा मान वळवून पाहिलं. पिंजाऱ्याच्या घरात जन्म गेलेली बाई, डोळ्यांसमोर कापूस भिजताना तिच्यानं बघवेना. ती उठली, उरलेला ढीग कवेत घेतला आणि उंबरा ओलांडून आत गेली.

"मी कापसासाठी आलेय," तिनं जाहीर केलं.

"बरं," थोरली म्हणाली. "चहा कुणासाठी घेणार?"

घरात दोन खोल्या, मागे मोरी. लोखंडी खाटा, एक आरसा, दोरीवर धुतलेल्या चादरी. फळीवर चहाच्या डब्याशेजारी निरोधचा खोका, उघडा, जसा मिठाचा डबा असावा तसा. साबणाचा वास. धाकटी भाजी निवडत बसली होती. सुनेला खरं तर थोडी निराशाच झाली. लग्न होऊन आल्यापासून हे घर तिनं पुलावरून बघितलं होतं. आत काय असेल याचे तिनं मनात नाना रंग भरले होते. आणि आत चादरी वाळत होत्या.

दोन शेगड्या पेटवल्या. पिंजारी आतल्या खोलीत शेगडीपाशी कापूस वाळवत बसला. बाहेरच्या खोलीत बायका गाठी सोडवायला बसल्या. सासू पुन्हा भिंतीकडे तोंड करून, पण बोटं चालू. पाऊस थांबेना, तेव्हा तिघांचा मुक्काम तिथेच पडला. त्या दिवसांत बाहेरच्या दाराला थोरलीनं आतून कडीच घातली होती. एक ट्रकवाला आला, त्याला तिनं खिडकीतून सांगितलं, "गाद्या उसवल्यात. चार दिवसांनी ये."

"आणि तो गेला?" सुनेनं विचारलं.

"नको म्हटलं की नको. न जाऊन करतो काय?"

मग सुनेच्यानं राहवेना. "आक्का, तुम्ही इथे कशा आलात?"

"चालत," थोरली म्हणाली, आणि धाकटी फिस्सकन हसली. मग थोरलीनं हातातली गाठ बाजूला ठेवली. "खाणीवर होते आधी. दिवसभर दगड फोडायचे, आणि संध्याकाळी मुकादम बोलावील तेव्हा जायचं. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काम नाही. त्याला गाव कष्टाची कमाई म्हणायचं हं. मग एक दिवस मनात आलं, तेच करायचं तर निदान माझ्या मनानं करीन. मी म्हणेन तेव्हा, मी म्हणेन त्याच्याशी, आणि पैसे माझ्या हातात. त्याला गाव जे म्हणतं ते तुला ठाऊक आहे."

"सगळ्याच अशा मनानं येतात?"

"नाही. कुणाला फसवून आणतात, मारून ठेवतात. त्यांची गोष्ट त्या सांगतील. मी माझी सांगतेय."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. कापसाचे कण सगळ्यांच्या भुवयांवर बसले होते. भिंतीकडून आवाज आला. सासूचाच, पण तिचा वाटेना, इतका हळू.

"पुरुष रडतात का गं इथे?"

थोरलीनं तिच्या पाठीकडे बघितलं. "पुष्कळ. कुणाची आई गेलेली असते, कुणाला घरी कुणी बोलत नाही. रडायचे वेगळे पैसे घेत नाही आम्ही."

"ह्यांना मी कधी रडताना नाही बघितलं," सासू म्हणाली. "गेले तोवर. आणि मी..." ती थांबली. "ते गेले तेव्हा मी तुझ्या या धाकटीएवढी होते. नंतर आयुष्यभर कापूसच कवेत घेतला." एवढं बोलून ती इतक्या जोरानं गाठी सोडवायला लागली की पुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सुनेला मात्र पहिल्यांदाच वाटलं की आपली सासू कधीतरी तिशीची बाई होती.

दुसऱ्या दिवशी सासू भिंतीकडे नव्हे, दाराकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मधोमध. आणि तिच्या प्रश्नांचं तर काय विचारता! म्हाताऱ्यांना परवडतं का, लाजरे किती, बोलके किती, ज्यांना नुसत्या गप्पाच मारायच्या असतात ते कशावर गप्पा मारतात. "गुडघेदुखीवर," धाकटी म्हणाली. सासूला हे फार पटलं.

धाकटीचं आणखीच निराळं. तिचा एक शिंपी मित्र होता. तो लग्न करू म्हणायचा, ती नको म्हणायची. "तो आला की मला आनंद होतो, गेला की झोप छान लागते. लग्न केलं की दोन्हीला मुकेन." सासू यावर चिडेल असं सुनेला वाटलं. सासूनं नुसतं विचारलं, "शिवतो कसा?"

त्याच दुपारी सुनेनं तो प्रश्न विचारला जो तिला खरा विचारायचा होता. "आक्का, तुम्हाला... आवडतं का ते?"

"कधी कधी. तुला?"

सुनेचा हात थांबला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, तिनं स्वतःलाही नाही. तिला एकदम रडू आल्यासारखं झालं आणि रागही आला, कुणावर ते कळेना. "माहीत नाही," ती म्हणाली. "लवकर संपतं. आता तर तेही नाही. खांदा धरल्यापासून पाठ करून झोपतात."

"त्याला सांगितलंस? काय हवं ते?"

"असं सांगतात का कुणी!"

"पाठीला खाज सुटली की सांगतेस ना? जरा खाली, जरा डावीकडे, हां, तिथेच. मग?"

सासू खो खो हसत सुटली. तिच्या तोंडात कापूस गेला, ठसका लागला, धाकटीनं पाठ थोपटली. तेवढ्यात आतल्या खोलीतून जळका वास आला. पिंजाऱ्यानं मूठभर कापूस शेगडीवरच धरून ठेवला होता. तो दारात आला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

"सगळं ऐकू येतं हो आत," तो म्हणाला, आणि परत गेला.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. अंगणात तात पुन्हा खणखणीत वाजायला लागली. सून कमान ओढत होती, पिंजारी खोळी भरत होता, दाभणानं टाके घालत होता, आणि पुलावर थांबून थांबून लोक बघत होते. लपवायचं आता काही उरलंच नव्हतं. शेवटची गादी शिवून झाली. थोरली रीतीप्रमाणे तिच्यावर आडवी झाली, भर उन्हात, अंगणात. डोळे मिटले.

"किती वर्षांनी नुसतं झोपायला गादीवर पडलेय," ती म्हणाली.

दुसऱ्याच सकाळी गिरणीवालीचं बोलावणं आलं. ओट्यावर शेजारच्या चार बायका आधीच जमल्या होत्या. गिरणीवाली मनानं वाईट नव्हती, पण लग्नघर होतं, आणि लग्नघरात माणसाला गावाचे डोळे जरा जास्तच मोठे दिसतात.

"हे बघा, माणसाकडून चूक होते," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं ते घर कुणाचं. काम म्हणून गेलात, फसलात. एवढं या सगळ्यांसमोर म्हणा, म्हणजे तुमची कमान माझ्या अंगणात येऊ देते. नाहीतर त्या घरची तात माझ्या लेकीच्या कापसाला कशी लावू?"

एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य म्हटलं की पुढच्या मोसमापर्यंतची चूल पेटत होती. पिंजाऱ्यानं तोंड उघडलं. तो काय म्हणणार ते सुनेला कळेना, आणि तो नेहमीसारखाच सावकाश.

"ठाऊक होतं," सासू म्हणाली.

सगळ्या वळल्या.

"चांगलं ठाऊक होतं. मी त्यांच्या पायांवर पाणी ओतलं होतं, माहीत नसतं तर कशाला ओतलं असतं? मग आत गेले. चहा प्याले. आणि सांगते, त्यांच्या गाद्या उसवल्या आणि तुमच्याही मी गेली कित्येक वर्षं उसवतेय. आतून कापूस सगळा सारखाच निघतो. कधी कुणाचं काही बोलले का मी बाहेर?"

ओट्यावरच्या बायकांपैकी कुणी पदर सारखा केला, कुणी रस्त्याकडे बघायला लागली.

"गिऱ्हाईक चांगलं होतं," पिंजारी म्हणाला. त्याचं वाक्य आत्ता कुठे तयार झालं होतं. "बोलल्याप्रमाणे वागणारं."

काम गेलं. घरी येताना सुनेला भीती वाटत होती आणि तरी सासूचा हात धरून चालावंसं वाटत होतं. तिनं धरला. सासूनं सोडवला नाही.

मग रिकामे दिवस सुरू झाले. ऊन असं की कापूस आपोआप फुलावा, आणि कमान खुंटीला. एका दुपारी पिंजारी चटईवर बसून खांद्याला तेल चोळत होता. बायको समोर आली. तो बराच वेळ तेलाच्या वाटीकडे बघत राहिला.

"जरा खाली," त्यानं विचारलं, "की जरा डावीकडे?"

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसली, आणि मग हात काढला. सासूनं बाहेरून सगळं ऐकलं. "मी जरा शेजारी जाऊन येते," ती ओरडली, "चांगली संध्याकाळपर्यंत येत नाही!" आणि जाताना दार स्वतःच ओढून घेतलं.

गंमत अशी, की काम द्यायला येईनात त्या बायका बघायला मात्र यायला लागल्या. कुणाला दाभण उसनं हवं, कुणाला सुतळी. दाभण हातात घेऊन घुटमळत, आणि मग हळूच विचारत: पडदे कसल्या रंगाचे? स्वयंपाक कोण करतं? भीती नाही वाटत? गावाची लाज एवढीशी आणि उत्सुकता हंडाभर. सासू आता जाणकार झाली होती. गाद्यांबद्दल ओठ शिवलेले, पण चहा कसा होता, थोरली काय म्हणाली, हे ती मांडी घालून सांगायची. ऐकता ऐकता त्या बायकाही आपापलं काही बोलून जायच्या. मग ते मात्र सासू कुणाला सांगायची नाही.

आणि एका भर दुपारी गिरणीच्या हातगाडीवर कापसाचं गाठोडं घालून गिरणीवालीची लेक स्वतः गाडी ढकलत आली. शाळेत शिकवणारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. घामानं चिंब.

"आमच्या अंगणात तुमची कमान चालत नाही," ती म्हणाली. "तुमच्या अंगणात माझा कापूस चालेल का? मी समोर बसते."

"गिऱ्हाईक समोर बसलं की अंगण त्याचंच," पिंजारी म्हणाला.

तात वाजायला लागली. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. कापूस वर उडत होता, खाली येत होता. बऱ्याच वेळानं ती सुनेला म्हणाली, "वहिनी, आईला विचारलं तर म्हणते नवरा सांगेल. मैत्रिणी नुसत्या हसतात. मी पोरांना सगळं शिकवते आणि मला स्वतःला... मला कुणीतरी नीट सांगायला हवंय. पुलापलीकडच्या त्या सांगतील का?"

सुनेनं कमान थांबवली. "सांगतील. पण आधी तुम्हालाच विचारतील, तुम्हाला काय हवंय म्हणून. तेवढा विचार करून जा. मी येईन बरोबर."

गादी भरून, शिवून झाली तेव्हा ऊन कलत होतं, आणि गल्लीच्या टोकाला गिरणीवाली दिसली. कोपरापर्यंत पीठ, चाल तरातरा. बातमी गिरणीत पोचली होती. "ऊठ," ती लांबूनच ओरडली. "ऊठ आधी तिथून! गावभर शोभा!"

मुलगी उठली. गादीपाशी गेली आणि रीतीप्रमाणे तिच्यावर आडवी झाली. रस्त्याकडेच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, हात पसरून. डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा भ्यालेला होता आणि सुखावलेलाही.

गिरणीवाली अंगणात येऊन थबकली. लेकीला हाताला धरून उठवावं की काय, तिला कळेना.

"बस गं," सासू म्हणाली. "गिऱ्हाइकाचं मन भरल्याशिवाय गादी उचलत नाहीत."

गिरणीवाली दमली होती. ती गादीच्या काठावर टेकली. लेकीनं डोळे न उघडता थोडं सरकून तिला जागा केली. मग गिरणीवालीनं सासूकडे न बघता, हातावरचं पीठ चोळत विचारलं,

"पुरुष रडतात म्हणे तिथे?"

"रडतात."

"आमचे कधी माझ्यासमोर रडले नाहीत. आणि मीही कधी..." तिनं वाक्य सोडून दिलं. लेकीनं डोळे उघडले आणि आईकडे बघितलं.

"उद्या ऊन असेल का?" गिरणीवालीनं विचारलं.

"असेल," पिंजारी म्हणाला.

"मग कमान घेऊन या. सकाळी या, सगळ्यांसमोर." तिनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि लेकीच्या शेजारी आडवी झाली.